संचालकांनी मर्यादेबाहेर जाऊन घेतलेला निर्णय सभासदांवर बंधनकारक असतो का?

हिंगोलीकडील आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांनी हळद खरेदीसाठी ठेवलेल्या पैशातून पुढे नफ्याने विकण्यासाठी शहरात प्लॉट घेतला, आणि आता सर्वसाधारण सभेत ठराव करून तो व्यवहार नियमित करता येईल का, असे आपण विचारले आहे.

आधी मेमोरँडममधील, म्हणजे कंपनी स्थापनेच्या मूळ दस्तऐवजातील, उद्दिष्टांचे कलम काढून शब्दन् शब्द वाचावे. व्यवहार कंपनीच्या उद्दिष्टांत बसत असेल आणि केवळ संचालकांच्या अधिकारापलीकडचा असेल, तर सभा त्याला मागाहून मान्यता देऊ शकते. मात्र तो उद्दिष्टांबाहेरच असेल, तर सर्व सभासदांनी हात वर केले तरी वैध ठरत नाही. १९६२ मध्ये लक्ष्मणस्वामी मुदलियार प्रकरणात, एका विमा कंपनीने भागधारकांच्या ठरावाने एका न्यासाला दिलेली २ लाख रुपयांची देणगी सर्वोच्च न्यायालयाने अशाच कारणाने अवैध ठरवली आणि विश्वस्तांवर परतफेडीची वैयक्तिक जबाबदारी कायम ठेवली.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६६ नुसार संचालकाने कंपनीच्या नियमावलीप्रमाणेच (आर्टिकल्स) वागले पाहिजे. कलम ११९ नुसार सर्वसाधारण सभांचे इतिवृत्त आपल्याला विनाशुल्क पाहता येते, ते अवश्य पाहा; हंगामभर राबून उभा केलेला हा पैसा सभासदांचा आहे.