संशोधनात नाव नोंदवू का?

प्रश्न: मी 71 वर्षांचा असून दादरला राहतो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात गेल्या महिन्यात एका रुग्णालयाचे डॉक्टर आले होते. सत्तरीपुढच्या माणसांचे चालणे-फिरणे टिकवण्यासाठी व्यायामाचा कितपत उपयोग होतो, यावर त्यांचा दीड वर्षाचा अभ्यास सुरू होत आहे आणि त्यात आम्ही नावे नोंदवावीत, अशी त्यांची विनंती आहे. व्यायामाच्या गटात कोण आणि आरोग्यविषयक व्याख्यानांच्या गटात कोण, हे सोडतीने ठरणार आहे. मला रक्तदाब आहे, एरवी प्रकृती चांगली आहे. चिरंजीव म्हणतात, ‘प्रयोगशाळेतला उंदीर व्हायची हौस कशाला?’ सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, व्यायामाच्या गटात घेणार असतील तरच सही करा. मी काय करावे?
– एक वाचक, दादर

उत्तर: सौभाग्यवतींच्या अटीपासून सुरुवात करतो, कारण ती मान्य केली तर अभ्यासच उरणार नाही. ज्याला व्यायामाची आवड त्याला व्यायामाच्या गटात आणि ज्याला कंटाळा त्याला व्याख्यानांच्या गटात जाऊ दिले, तर दीड वर्षाने पहिला गट अधिक सुदृढ निघेल यात नवल नाही. परंतु ती माणसे व्यायामामुळे सुदृढ राहिली, की मुळात सुदृढ होती म्हणून व्यायामाकडे वळली, हे कोणालाच सांगता येणार नाही. सोडतीमुळे हौशी आणि आळशी, मधुमेही आणि बिनमधुमेही, लिफ्टच्या इमारतीत राहणारी आणि रोज तीन जिने चढणारी अशी सगळीच माणसे दोन्ही गटांत जवळजवळ सारखी विखुरली जातात. मुंबईत सोडत म्हटली की म्हाडाचे घर आठवते आणि नाव न लागलेला माणूस हिरमुसतो. इथे व्याख्यानांच्या गटात नाव लागणे म्हणजे घर हुकणे नव्हे. त्या गटाशी ताडून पाहिल्याशिवाय व्यायामाच्या गटाचे आकडे मुके राहतात.

तुम्ही वर्णन केलेल्या अभ्यासासारखाच एक मोठा अभ्यास अमेरिकेत आठ केंद्रांवर झाला. ‘लाइफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. 70 ते 89 वर्षे वयाचे 1,635 स्त्री-पुरुष त्यात होते; आणि निवड ठणठणीत माणसांची नव्हती, तर ज्यांचे चालणे मंदावले आहे पण अजून थांबलेले नाही अशांची होती. मुख्य कसोटी अगदी साधी होती: मध्ये न बसता आणि दुसऱ्या माणसाचा किंवा वॉकरचा आधार न घेता 400 मीटर अंतर पंधरा मिनिटांत चालता येते की नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती तुम्ही जी फेरी मारत असाल, तिच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे हे अंतर आहे. चालणे, पायांची ताकद आणि शरीराचा तोल यांचे व्यायाम ज्यांना नेमून दिले होते, त्यांच्यापैकी 30.1 टक्के जणांना सरासरी 2.6 वर्षांच्या काळात कधीतरी ही कसोटी जमेनाशी झाली. व्याख्यानांच्या गटात ते प्रमाण 35.5 टक्के होते.

हे दोन आकडे जरा थांबून वाचण्यासारखे आहेत. शंभर माणसांमागे पाच-सहा जणांचे चालणे व्यायामामुळे टिकले, असा त्यांचा सरळ अर्थ होतो, आणि या वयात हा फायदा मुळीच किरकोळ नाही. त्याचबरोबर नेमाने व्यायामाला बोलावलेल्यांपैकीही तीस जणांचे चालणे खुंटलेच, हेदेखील त्याच आकड्यांत लिहिलेले आहे. ‘व्यायामाने म्हातारपण पळाले’ असे मथळे छापणारी मंडळी पहिला अर्थ फुगवतात आणि दुसरा गिळतात. शिवाय सरासरी पुष्कळांची असते. त्या पाच-सहा जणांत तुम्ही असाल की नाही, हे कोणताही संशोधक आधी सांगू शकत नाही. म्हणून नाव नोंदवताना ‘मला किती फायदा होईल’ याचे पक्के उत्तर मिळण्याची अपेक्षा ठेवू नका. तुमच्या मोजमापांचा उपयोग मुख्यतः तुमच्यानंतर सत्तरी ओलांडणाऱ्यांना व्हायचा आहे.

आयुष्य किती वर्षांनी वाढले, हा त्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न नव्हता, हेही लक्षात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 च्या अहवालात निरोगी वार्धक्याचा विचार मांडताना रोग नसण्याची अट घातली नाही. माणसाला जे मोलाचे वाटते ते करण्याची आणि तसे जगण्याची क्षमता टिकणे, याला तिने महत्त्व दिले. त्या हिशेबाने तुमच्यासारखा रक्तदाबाची गोळी घेणारा पण रानडे रोडवर जाऊन स्वतः भाजी आणणारा गृहस्थ निरोगी वार्धक्यातच मोडतो. तुमच्या अभ्यासातही बहुधा अशीच मोजमापे असतील: हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागतात, एका पावलापुढे दुसरे पाऊल चिकटवून दहा सेकंद उभे राहता येते का, चार मीटर चालायला किती वेळ लागतो. काहींना हा पोरखेळ वाटतो आणि मीही पूर्वी अशी मोजमापे घेताना त्यावरचे विनोद ऐकले आहेत, परंतु पुढे कोणाला घरकामासाठी आणि उठण्या-बसण्यासाठी मदत लागेल याचा अंदाज या साध्या कसोट्यांतून बराच चांगला येतो.

आता चिरंजीव. उंदराकडून कोणी सही घेत नाही, हा फरक त्यांना जरूर सांगा. मात्र त्यांची शंका हसण्यावारी नेऊ नका. आपल्या देशात औषधांच्या चाचण्यांवरील देखरेख इतकी ढिली होती की 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. त्यानंतर नियम कडक होत गेले आणि 2019 मध्ये नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी स्वतंत्र नियमावली आली. तिच्यानुसार, अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत निदान सात सदस्य असावे लागतात, त्यांपैकी निम्मे संस्थेबाहेरचे असतात आणि त्यांत कायद्याचा जाणकार व सामान्य नागरिक यांनाही स्थान असते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई यांचीही तरतूद आहे. तुमचा अभ्यास औषधाचा नसल्यामुळे त्याला ही नियमावली जशीच्या तशी लागू होत नाही. तिथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे महत्त्वाची, आणि समितीची मंजुरी व तुमची समजून-उमजून दिलेली संमती त्यांनाही हवीच असते.

मी तुमच्या जागी असतो तर नाव नोंदवले असते, पण संघाच्या सभागृहात त्याच दिवशी सही केली नसती. माहितीपत्रक मराठीतच मागून घ्या, घरी आणा आणि चिरंजीवांना मोठ्याने वाचायला सांगा. व्यायाम करताना पडलो किंवा छातीत दुखले तर रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा आणि उपचारांचा खर्च कोण देणार, हे त्यात स्पष्ट नसेल तर विचारा. कोणत्याही दिवशी कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे त्या रुग्णालयातल्या तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होत नाही, हे वाक्य पत्रकात असलेच पाहिजे. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे एकदम उभे राहताना चक्कर येते, त्यामुळे गोळ्यांची यादी पहिल्याच भेटीत दाखवा आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही या अभ्यासाची कल्पना द्या.

प्रश्न: माझे वडील 76 वर्षांचे आहेत. हृदयविकार किंवा पक्षाघात त्यांना कधीच झालेला नाही. तरीही शेजाऱ्यांच्या सल्ल्याने ते रोज लहान ॲस्पिरिन घेतात आणि तीन वर्षांपासून दर आठवड्याला ‘ड’ जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी घेतात. ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे ते म्हणतात. खरे काय?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: या दोन्ही गोष्टींवर मोठे संशोधन झालेले आहे आणि ते तुमच्या वडिलांच्या बाजूचे नाही. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथील 19,114 ज्येष्ठांवर ‘ॲस्प्री’ नावाचा अभ्यास झाला. त्यातली बहुतेक माणसे सत्तरी ओलांडलेली होती आणि कोणालाही आधी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नव्हता. अर्ध्यांना रोज 100 मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली गेली. 2018 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा, अपंगत्वाशिवाय जगण्याचा काळ ॲस्पिरिनने वाढला नाही, असे दिसले. गंभीर रक्तस्राव मात्र 2.8 टक्क्यांच्या ऐवजी 3.8 टक्के लोकांना झाला. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातला आहे, त्यांना हा निष्कर्ष लागू होत नाही. हे उत्तर वाचून अशा कोणी आपली गोळी बंद करू नये. तुमच्या वडिलांनीही ती डॉक्टरांशी बोलूनच थांबवावी.

‘ड’ जीवनसत्त्वाची गोष्ट थोडी वेगळी आहे. कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे, आणि उन्हाच्या या शहरात दिवसभर फ्लॅटमध्ये बसणाऱ्या ज्येष्ठांत ती पुष्कळदा आढळते. परंतु कमतरता न पाहता सरसकट दिल्यास काय होते, हे अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ अभ्यासात 25,871 जणांवर तपासले गेले: रोज 2,000 युनिट घेऊनही कर्करोग, हृदयविकार किंवा हाड मोडणे यांचे प्रमाण घटले नाही. त्याहून बोलका अभ्यास ऑस्ट्रेलियातला आहे. सत्तरीपुढच्या 2,256 स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिटचा डोस दिला गेला, आणि 2010 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत त्यांचे पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलेले निघाले. आठवड्याची पुडी म्हणजे तो डोस नव्हे, हे खरे. तरी वर्षभरात पोटात जाणारे युनिट त्याच्या सहा पटींहून जास्त भरतात. पुडीचा कोर्स साधारणपणे काही आठवड्यांचा असतो. तीन वर्षे झाली असतील तर आधी रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासून घ्या.

प्रश्न: मी 67 वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. एका सर्वेक्षणासाठी आलेल्या मुलींनी माझ्या हाताची पकड मोजली, रक्तदाब घेतला, आणि मग ‘तुम्हाला एकटे वाटते का’, ‘आयुष्याबद्दल किती समाधान आहे’ असे प्रश्न विचारले. आरोग्याशी याचा काय संबंध?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर: संबंध आहे, आणि तो मोजण्याचे मोठे काम तुमच्या घरापासून जवळच चालते. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017–18 मध्ये देशभरातील 45 वर्षांवरील 72,000 हून अधिक लोकांची पाहणी केली. ‘लासी’ या संक्षेपाने ती ओळखली जाते, आणि तिच्यात पकड, चालण्याचा वेग, रक्तदाब यांच्या बरोबरीने उदासी, समाधान आणि घरातले संबंध यांचीही नोंद झाली. ‘तुमची प्रकृती कशी आहे असे तुम्हाला स्वतःला वाटते?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावरून पुढील मृत्यूचा धोका कळतो, असे 1997 मधील 27 अभ्यासांच्या आढाव्यात दिसून आले होते. आजार आणि वय हिशेबात धरूनही बहुतेक अभ्यासांत तो संबंध टिकला.

मात्र अशा पाहणीतून कारण हाती लागत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंचे गुडघे गेल्यामुळे त्या एकट्या पडल्या, की एकट्या पडल्यामुळे त्यांचे चालणे कमी होऊन गुडघे गेले, हे एकदाच भेटून समजत नाही. म्हणूनच अशा अभ्यासांत त्याच माणसांकडे काही वर्षांनी पुन्हा जावे लागते. त्या मुली परत आल्या तर त्यांना दार उघडा. एखादा प्रश्न नको वाटला तर तो वगळण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

प्रश्न: वय 79. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा त्रास असल्याचे सांगून मला एका अभ्यासातून परत पाठवले. ज्येष्ठांच्या अभ्यासात आजारी ज्येष्ठ चालत नाहीत?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: तुमची तक्रार रास्त आहे आणि ती संशोधकही एकमेकांत करतात. ऐंशीपुढच्यांना रक्तदाबाची औषधे द्यावीत का, याचे खात्रीचे उत्तर 2008 पर्यंत नव्हते, कारण त्या वयाची माणसे चाचण्यांत फारशी घेतलीच जात नसत. 3,845 जणांच्या ‘हायव्हेट’ चाचणीने औषधांचा फायदा इतका ठळक दाखवला की ती मुदतीआधीच थांबवावी लागली. तरीही त्यात आलेली माणसे त्या वयाच्या सर्वसाधारण माणसांपेक्षा धडधाकट होती. वगळण्यामागे कधी सुरक्षितता असते, कारण अनेक औषधे मूत्रपिंडातून बाहेर पडतात, आणि कधी निव्वळ संशोधकाची सोय असते. कोणते कारण, हे विचारायला संकोचू नका.

पुढच्या वेळी खेप वाचवायची असेल तर नातवंडांपैकी कोणाला तरी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ उघडायला सांगा. 2007 पासून चालणारी ही नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते, आणि 2009 पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिच्यात करणे सक्तीचे आहे. प्रत्येक नोंदीत कोणाला घेणार आणि कोणाला वगळणार याच्या अटी, केंद्राचे शहर आणि संपर्काचा पत्ता दिलेला असतो. मजकूर इंग्रजीत आहे, त्यामुळे तेवढे त्यांच्याकडून वाचून घ्यावे लागेल.