जाळी नको, बुचं घाला

तुमचं सेसना १७२ हे छोटं विमान पंधरा दिवस सड्यावरच्या धावपट्टीशेजारी उघड्यावर राहणार, म्हणून हवेच्या तोंडांना बारीक जाळी मारून घेऊ का, असं विचारलंत. नका मारू. जाळीने हवा अडते, आणि तार तुटली तर तुकडा नेमका नको तिथे जातो. शिवाय असा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही.

प्रोपेलरच्या दोन्ही बाजूंची मोठी तोंडं सिलिंडर थंड ठेवायला असतात. इंजिन श्वास घेतं ते खालच्या फिल्टरमधून. पक्ष्यांना वरची दोन आवडतात. उबदार, अंधारी, पाऊस न लागणारी. आमच्याकडे एकदा पोरगा जेवायला जाताना डावंच बूच लावून गेला. दीडेक तासाने बघतो तर उजव्या तोंडातून काथ्याचे दोन धागे लोंबतायत. टॉर्च मारला. सिलिंडरवर ओंजळभर वाळकं गवत, काथ्या आणि गुटख्याची एक पुडी! साळुंकीचं काम. तसेच उडालो असतो तर सिलिंडर तापलं असतं, गवत पेटलंही असतं.

बुचं पाणी न पिणाऱ्या फोमची घ्या. गादीचा स्पंज पावसात भिजतो आणि आपल्या खाऱ्या वाऱ्यात तो ओला गोळा चिकटून राहिला की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरते. दोन्ही बुचं एका दोरीने प्रोपेलरभोवतून जोडा, लाल पट्टी लावा. बुचं घालण्याआधी इंजिन निवेपर्यंत थांबायचं असेल तर तिथेच थांबा, जेवण नंतर.

फिल्टर बाहेर काढून बघा. जांभ्याची लाल धूळ बसते, आणि कागदी फिल्टर मुसळधार पावसात भिजला तर हवाच कोंडते. हवेत असताना आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) पडला तर कार्ब हीट, म्हणजे कार्बुरेटरला गरम हवा देणारी दांडी, ओढा, हवा दुसऱ्या वाटेने येते. पण ती वाट फिल्टर टाळून जाते. म्हणून धुळीच्या जमिनीवर टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवताना, कार्ब हीट बंद. तपासणीपुरती ओढायची तीही स्वच्छ डांबरावर.

आणि डाव्या पंखाखाली, स्ट्रटच्या (पंखाला टेकू देणाऱ्या तिरक्या दांड्याच्या) मागे, इंधनटाकीच्या हवेची बारीक नळी आहे. कुंभारीण माशी तिच्यात चिखल भरते. नळी बुजली की टाकीतून पेट्रोल उतरेनासं होतं. रोज सकाळी वाकून बघा.

तुमचं इंजिन इंजेक्शनचं, म्हणजे कार्बुरेटरऐवजी इंधन फवारणारं, असेल तर कार्ब हीट नसेल, फिल्टर चोंदल्यावर ओढीने आपोआप उघडणारी झडप असेल. ती अडकलेली नाही ना, हे इंजिनियरकडून बघून घ्या.