कीर्तनाचे थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील कीर्तन पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपर्यंत थेट पोहोचवण्याची तुमची तळमळ योग्यच आहे. मात्र कॅमेऱ्यावर खर्च करण्याआधी सभागृहातील इंटरनेटचा अपलोड वेग मोजून घ्या, आणि तोही कार्यक्रमाच्याच वेळी, कारण दुपारी रिकाम्या सभागृहात मिळणारा वेग संध्याकाळी शे-दीडशे मोबाइल त्याच वाय-फायवर आल्यावर टिकत नाही. ७२० पी (७२० ओळींच्या) चित्रासाठी २५०० ते ३००० केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायच्या माहितीचे प्रमाण, पुरतो. अपलोड वेग त्याच्या निदान दुप्पट असावा. संगणक राउटरला लॅन केबलनेच जोडा, याबाबत तडजोड करू नका. मागे वडोदऱ्यातच एका कार्यक्रमात मी वाय-फायवर विसंबलो आणि ऐन अभंगात चित्र गोठले. प्रक्षेपण सर्व्हरपर्यंत पाठवण्याची आरटीएमपी ही पद्धत (प्रोटोकॉल) टीसीपीवर, म्हणजे माहिती क्रमाने आणि न हरवता पोहोचवणाऱ्या नियमांवर चालते, त्यामुळे हरवलेले पॅकेट (माहितीचा तुकडा) पुन्हा पोहोचेपर्यंत त्यामागचे सारे खोळंबते, बफर (पाठवायची माहिती तात्पुरती साठते ती जागा) भरत जातो आणि शेवटी फ्रेम (चलचित्रातली एकेक चित्रे) गळू लागतात. ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये कीफ्रेमचे (पूर्ण चित्र साठवणाऱ्या फ्रेमचे) अंतर २ सेकंद ठेवा, म्हणजे मध्येच येणाऱ्या प्रेक्षकालाही चित्र लवकर दिसेल. आवाजाला निदान १२८ केबीपीएस द्या आणि तो कॅमेऱ्याच्या माइकवरून न घेता थेट मिक्सरमधून घ्या. चित्र थोडे अस्पष्ट झालेले लोक सोसतात, बुवांचा तुटलेला शब्द सोसत नाहीत.