सातवीच्या पोरांना पाणी शुद्ध कसं करतात ते वर्गात कसं दाखवू? (सांगली)

पावसाळ्यात कृष्णेचं गढूळ पाणी बादलीभर आणा आणि पोरांसमोरच तुरटी फिरवा. बारीक माती एकमेकाला चिकटून जड होते, तळाला बसते, मग वरचं पाणी खडी-वाळूच्या थरातून गाळायचं आणि शेवटी जंतू मारायला टीसीएल पावडर (म्हणजे क्लोरीनवाली ब्लीचिंग पावडर), प्लांटवर पण क्रम हाच, फक्त टाक्या मोठ्या (पाणीपुरवठ्यातच काम करतो म्हणून सांगतोय). पावडर टाकून अर्धा तास थांबा, मग ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडिन नावाच्या द्रावणाचे थेंब पाण्यात टाकायचे): पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे, नळाला निदान ०.२ मिलीग्रॅम प्रति लिटर लागतो. पोरांना खरी मजा इथंच येते, पण ओटीचं द्रावण विषारी असतं, थेंब तुम्हीच टाका. आणि हे पाणी कुणाला प्यायला देऊ नका, नितळ दिसलं तरी शेतातनं आलेलं नायट्रेट यातनं जात नाही.