कॅलिफोर्नियात आरोग्य परवान्यांचे आणि पर्यावरणाचे नियम कोण मंजूर करते, आणि त्या मंजुरीचा अर्थ काय?

तुमचा प्रश्न मी असा समजले आहे: तुमची बहीण कॅलिफोर्नियातील एका रुग्णालयात परिचारिका आहे, रुग्णालयांच्या परवान्यासंबंधीच्या एका नव्या नियमाचा मसुदा तिच्या वाचनात आला आहे, आणि हा नियम राज्याच्या मंजुरीनंतर लागू होईल असे तिला सांगण्यात आले आहे. ही मंजुरी कोण देते, देणारे नियमाचा बरेवाईटपणा तपासतात का, आणि तिने हरकत घेतली तर ती कोणी वाचते का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी त्याच राज्यात बरीच वर्षे वॉर्डात काम केले आणि आता एका रुग्णालयात नियमपालनाचे काम पाहते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. हरकत वाचावीच लागते, आणि तिला लेखी उत्तर देणे खात्यावर कायद्याने बंधनकारक आहे.

विधिमंडळ कायदा करते, परंतु बारीक तपशील ठरवण्याचे काम खात्यांवर सोपवते. रुग्णालयांच्या परवान्यांचे नियम सार्वजनिक आरोग्य खाते करते आणि ते राज्याच्या नियमसंहितेच्या बाविसाव्या भागात छापले जातात. हवेचे नियम एअर रिसोर्सेस बोर्ड करते, पाण्याचे स्टेट वॉटर बोर्ड. या नियमांना कायद्याइतकेच बळ असते, पण त्यांवर विधिमंडळाने मत दिलेले नसते. या अधिकारावर देखरेख हवी म्हणून 1979 साली कायदा झाला आणि 1 जुलै 1980 पासून सॅक्रामेंटो येथे ऑफिस ऑफ ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ, म्हणजे ओएएल, हे स्वतंत्र कार्यालय सुरू झाले. काही अपवाद वगळता कोणत्याही खात्याचा नियम या कार्यालयातून मंजूर होऊन सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याचे अधिकृत दस्तऐवज सांभाळणारा अधिकारी, यांच्याकडे दाखल झाल्याखेरीज अमलात येत नाही. तुमच्या बहिणीला सांगितलेली मंजुरी ती हीच.

आता ही मंजुरी कशाची असते ते नीट समजून घ्यावे लागेल, कारण इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. ओएएलमधील वकील नियमाला सहा कसोट्या लावतात: खात्याला असा नियम करण्याचा अधिकार आहे का, तो नेमक्या कोणत्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी आहे, इतर कायद्यांशी तो सुसंगत आहे का, त्याची भाषा स्पष्ट आहे का, आधीच असलेल्या तरतुदीची ती निष्कारण पुनरुक्ती तर नाही ना, आणि नियमाची गरज भरीव पुराव्याने सिद्ध झाली आहे का. स्पष्टतेची कसोटी मला फार मोलाची वाटते, कारण ती वकिलांच्या समजुतीवर बेतलेली नाही; ज्यांच्यावर नियमाचा प्रत्यक्ष परिणाम होणार त्या माणसांना त्याचा अर्थ सहज कळला पाहिजे, असे कायदा म्हणतो. परंतु नियम शहाणपणाचा आहे की नाही, परिचारिकेमागे पाच रुग्ण असावेत की सहा, हे ओएएल ठरवत नाही. नियमाच्या आशयाबाबत खात्याच्या निर्णयाच्या जागी आपला निर्णय बसवण्यास या कार्यालयाला कायद्यानेच मनाई आहे. तेव्हा राज्याने मंजूर केलेला नियम चांगलाच असणार असे कोणी म्हणाले, तर ते खरे मानू नये.

मंजुरीनेही सगळे संपत नाही, हे पिण्याच्या पाण्यातील हेक्साव्हॅलंट क्रोमियम या क्रोमियमच्या विषारी प्रकाराच्या नियमावरून दिसते. मोहावी वाळवंटातील हिंकली या गावाच्या भूजलात हे रसायन वायुवाहिनीच्या एका केंद्रातून मुरले होते, आणि त्या प्रकरणानंतर त्याची चर्चा राज्यभर झाली. पाण्यातील या रसायनाची मर्यादा 1 जानेवारी 2004 पर्यंत ठरवावी असे विधिमंडळाने 2001 साली सांगितले. ती प्रत्यक्षात 1 जुलै 2014 रोजी अमलात आली, दशकाहून अधिक उशिराने. मर्यादा होती लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम. निव्वळ आरोग्याचा विचार करून 2011 साली ठरवलेले उद्दिष्ट लिटरमागे 0.02 मायक्रोग्रॅम होते, म्हणजे मर्यादा त्याच्या पाचशेपट ठेवली गेली. कायद्याप्रमाणे ही मर्यादा, तंत्र आणि खर्च यांच्या दृष्टीने शक्य असेल तितकी, आरोग्याच्या उद्दिष्टाच्या जवळ ठेवावी लागते. उद्योजकांच्या आणि करदात्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि मे 2017 मध्ये सॅक्रामेंटोच्या न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला. मर्यादा फार कडक आहे किंवा फार सैल आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. ती खर्चाच्या दृष्टीने शक्य का आहे याची पुरेशी नोंद खात्याने केलेली नाही, एवढाच दोष काढला गेला.

परिणाम मात्र मोठा झाला. सप्टेंबर 2017 मध्ये ही मर्यादा संहितेतून वगळली गेली आणि सर्व प्रकारच्या क्रोमियमसाठी मिळून असलेली लिटरमागे 50 मायक्रोग्रॅमची जुनी मर्यादा तेवढी उरली. स्टेट वॉटर बोर्डाने खर्चाचा विचार नव्याने मांडला, एप्रिल 2024 मध्ये नियम पुन्हा स्वीकारला, ओएएलने तो 24 जुलै 2024 रोजी मंजूर केला आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून तो लागू झाला. आकडा पूर्वीचाच, लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम. मधली सात वर्षे कागदावर नीट कारणे न लिहिल्यामुळे गेली, आणि त्या काळात ज्यांच्या नळाला ते पाणी येत होते त्यांना त्या मर्यादेचे संरक्षण नव्हते. नियमाची फाईल म्हणजे नुसता सरकारी कागदांचा गठ्ठा नव्हे, असे मी सहकाऱ्यांना वारंवार सांगते ते याच कारणासाठी.

ही फाईल कशी तयार होते, ते पाहू. खाते आपल्या प्रस्तावाची जाहीर सूचना दर शुक्रवारी निघणाऱ्या राज्याच्या सूचनापत्रात छापते, सोबत नियमाचा मसुदा आणि तो का हवा याचे प्राथमिक निवेदन उपलब्ध करून देते, आणि त्यानंतर किमान 45 दिवस कोणालाही लेखी हरकती व सूचना पाठवता येतात. सुनावणी ठरलेली नसेल, तर ही मुदत संपण्याच्या किमान 15 दिवस आधी लेखी मागणी करून ती घ्यायला लावता येते. खात्याने मसुद्यात संबंधित पण महत्त्वाचा बदल केला, तर बदललेला मजकूर आणखी किमान 15 दिवस खुला ठेवावा लागतो. अंतिम निवेदनात प्रत्येक हरकतीचा सारांश आणि ती मान्य का केली किंवा का केली नाही याचे कारण द्यावे लागते. सूचना छापल्यापासून एका वर्षाच्या आत संपूर्ण फाईल ओएएलकडे जावी लागते, आणि ओएएलला निर्णयासाठी कामकाजाचे 30 दिवस असतात. नियम नाकारला गेला, तर दोष दूर करून तो 120 दिवसांत पुन्हा पाठवता येतो.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. रुग्णालयांच्या कामकाजाच्या नोंदींविषयी एका खात्याचा मसुदा आला होता. वगळायच्या शब्दांवर रेघ मारलेली आणि नवे शब्द अधोरेखित केलेले, अशी त्याची नेहमीची मांडणी होती. त्यात, पाळीतील परिचारिकांच्या नेमणुकीत झालेला बदल 'योग्य वेळेत' नोंदवावा, असे एक वाक्य होते. मी एका पानाचे पत्र लिहिले. रात्री तीन वाजता दुसऱ्या वॉर्डातून एखादी परिचारिका मदतीला येते, सहा वाजता परत जाते, आणि सकाळी सात वाजता पाळी बदलते. तेव्हा योग्य वेळ कोणती, तिची पाळी संपण्याआधीची, त्या दिवसाची की महिनाअखेरची? तपासनीस एक अर्थ घेईल आणि रुग्णालय दुसरा, म्हणून पाळी संपण्यापूर्वी असे शब्द घालावेत, असे मी सुचवले. काही महिन्यांनी सुधारित मसुदा 15 दिवसांसाठी खुला झाला तेव्हा त्यात ते शब्द अधोरेखित होऊन आलेले होते, आणि अंतिम निवेदनात माझ्या हरकतीपुढे ती मान्य केल्याची नोंद होती. मी कोणत्याही संघटनेची पदाधिकारी नव्हते, आणि तसे असण्याची गरजही पडली नाही.

थोडक्या शब्दांवर किती अवलंबून असते, हे परिचारिका आणि रुग्ण यांच्या प्रमाणाच्या नियमात तुमच्या बहिणीने रोज पाहिले असेल. 1999 च्या कायद्यानुसार केलेला हा नियम 1 जानेवारी 2004 रोजी लागू झाला. मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आधी एका परिचारिकेमागे जास्तीत जास्त सहा रुग्ण आणि 1 जानेवारी 2005 पासून पाच, अशी त्यात तरतूद होती, आणि हे प्रमाण 'सर्व वेळी' पाळावे असे म्हटले होते. जेवायला गेलेल्या परिचारिकेचे पाच रुग्ण शेजारच्या परिचारिकेकडे दिले, तर तिच्याकडे अर्धा तास दहा रुग्ण होतात. त्या अर्ध्या तासालाही नियम लागू आहे, हा अर्थ 2004 साली न्यायालयाने मान्य केला. माझ्या पहिल्या वॉर्डात जेवणाच्या सुट्टीत गेलेल्यांची जागा घेणारी परिचारिका फक्त या दोन शब्दांमुळे नेमलेली होती.

याच नियमाच्या बाबतीत तातडीच्या मार्गाचा धोकाही दिसला. तातडीच्या नियमाला 45 दिवसांची मुदत लागत नाही आणि ओएएलला निर्णयासाठी जेमतेम 10 दिवस मिळतात. साथ किंवा विषबाधा अशा प्रसंगी हा मार्ग हवाच. पण नोव्हेंबर 2004 मध्ये पाचचे प्रमाण 2008 पर्यंत लांबणीवर टाकण्यासाठी तत्कालीन आरोग्य खात्याने तो वापरला. परिचारिकांची संघटना न्यायालयात गेली आणि मार्च 2005 मध्ये न्यायालयाने ती स्थगिती बेकायदा ठरवली.

आणखी एक सूचना. काही वेळा खाते नियम न करता परिपत्रकातून किंवा तपासनीसांच्या मार्गदर्शिकेतून सर्वांना सारखीच लागू होणारी नवी अट घालते. अशा अटीला तिकडे भूमिगत नियम म्हणतात. ती बंधनकारक मानण्यास कायद्याने मनाई आहे आणि तिच्याविरुद्ध ओएएलकडे कोणालाही अर्ज करता येतो.

तुमच्या बहिणीने आता पुढीलप्रमाणे करावे. मसुद्याच्या जाहीर सूचनेत हरकतींची शेवटची तारीख, वेळ आणि पत्ता दिलेला असतो. ते आधी पाहावे. पत्रात कलमाचा क्रमांक लिहावा, त्या कलमामुळे तिच्या वॉर्डात नेमके काय होईल ते एका पाळीचे उदाहरण देऊन सांगावे, आणि वापरावेत असे पर्यायी शब्द स्वतः लिहून द्यावेत. 'हा नियम अन्यायकारक आहे' एवढेच लिहिले, तर उत्तरही तेवढेच मोघम येते. पत्राची प्रत जपून ठेवावी आणि पुढील सूचना टपालाने किंवा ईमेलने मिळाव्यात अशी विनंती त्याच पत्रात करावी, म्हणजे सुधारित मसुद्याचे 15 दिवस तिच्या नकळत निघून जाणार नाहीत.