गाडीला गंजाचे फुगे आलेत, घरीच पत्रा घासून रंग मारता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी सात वर्षांची, रंग चंदेरी, पणजीजवळ ताळगावला इमारतीखाली उभी असते. मागच्या दाराला स्कूटर घासून ओरखडे आलेत, एक उथळ पोचा पडलाय आणि त्याच दाराच्या खालच्या कडेला गंजाचे फुगे दिसतात. गॅरेजवाला सगळ्याचे चौदा हजार सांगतो, म्हणून घरीच करायचं तर कुठला स्प्रे कॅन घ्यावा, हा तुमचा प्रश्न.

कॅनचं नंतर बघू. ओरखडे आणि पोचा किरकोळ आहेत, ते घरी नक्की होतं. फुग्यांचं तसं नाही. त्यांच्यावर तुम्ही काय किंवा गॅरेजवाल्याने काय, नुसती वरून पुट्टी ओढलीत तर पैसे पुढच्या पावसाळ्यात वाहून गेले म्हणून समजा.

हे ठासून सांगतोय कारण माझी उमेदीची वर्षं गोव्यात मांडवी नदीतल्या बार्जवर गेली. खनिज वाहून नेणाऱ्या बार्ज दुरुस्तीला यार्डात चढल्या की चिपिंग आणि रंगकाम आमच्याकडे. गंज खरवडून पोलाद उजळ दिसलं पाहिजे आणि त्याच दिवशी, दंव पडायच्या आत, प्रायमरचा पहिला हात बसला पाहिजे, एवढाच आमचा नियम. रात्रभर उघडं राहिलेलं पोलाद सकाळी तांबूस झालं तर पुन्हा पहिल्यापासून घासावं लागायचं. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, बार्ज नदीत नांगरून पडल्या आणि आम्ही पांगलो. पण गंज कुठून सुरू होतो आणि कसा पसरतो, हे त्या कामाने हाडीमांसी भिनवलं. आमच्या भावजींना मात्र ते आजही पटत नाही. त्यांचं म्हणणं, बार्जचं काम वेगळं, गाडीचं वेगळं.

आमचं घर डिचोली तालुक्यात, ट्रकांच्या वाटेवर. बाबांची पांढरी मारुती ८०० अंगणाच्या कडेला असायची आणि खाणी जोरात असताना तिच्यावर दिवसभर लाल धूळ बसायची. दाराच्या खालच्या कडेला फुगे आले तेव्हा भावजींनी पुढाकार घेऊन आपल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी नेली. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी गाडी परत आली, आरशासारखी. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या चवथीला त्याच जागी पुन्हा फुगे. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली घरातली सगळी मंडळी बसलेली असताना भावजी म्हणाले, "गोव्यात राहायचं तर गाडी गंजणारच, खारी हवा आहे, त्याला कोण काय करणार?"

डिचोलीला कसली खारी हवा? समुद्र किनाऱ्याच्या बाजूला राहिला. मी त्यांना काही उत्तर दिलं नाही. उठलो, स्क्रूड्रायव्हर आणला आणि फुग्याखाली टोक घालून हलकेच उचकटलं. पुट्टीची अख्खी खपली निघून हातात आली, बोटाच्या पेराएवढी जाड. वरची बाजू पांढरी गुळगुळीत, आणि उलटी केली तर पाठीला गडद तपकिरी गंजाचा थर चिकटलेला, ओलसर. पत्रा घासलाच नव्हता. गंजावरच पुट्टी थापली होती. मग मी दार उघडून खालची कड बघितली. प्रत्येक गाडीच्या दाराला तळाशी पाणी निथळायला बारीक भोकं असतात. काचेवरून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं. ती सगळी लाल चिखलाने आणि कुजलेल्या पानांनी गच्च बंद. तारेने एक भोक मोकळं केलं तर आतून गढूळ पाणी वाहायला लागलं. दाराला आतून गंज चढत होता आणि बाहेरून त्याच्यावर साज चढवला होता.

ती खपली मी भावजींसमोर ठेवली. ते म्हणाले, "पुट्टी तर सगळेच भरतात." हेच वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. सगळेच भरतात, हे खरं आहे. मीही भरतो. पण कशावर भरता, प्रश्न तो आहे. गंज झालेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून तो वरचा रंग ढकलून फुगा काढतो. त्यात पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते. खाली गंज आणि वर ओलावा धरून ठेवणारी पुट्टी, मग खारी हवा नसली तरी फुगे येणारच. किनाऱ्याला मीठ हे सगळं लवकर घडवतं, एवढाच काय तो फरक. ताळगावला तुम्हाला तो नक्की जाणवेल, त्यामुळे कामात हयगय करायला तुम्हाला आमच्यापेक्षाही कमी वाव आहे.

ते दार आम्ही नंतर हिवाळ्यात केलं. कुजलेली पट्टी कापली, गावातल्या वेल्डरकडून नवीन पत्रा लावून घेतला आणि बाकीचं सगळं मी पडवीत केलं. त्या कडेला पुन्हा फुगा आला नाही. भावजी म्हणतात, गाडी कमी चालायची म्हणून. कमी चालणारी गाडी जास्त गंजते भावजी, आत साचलेलं पाणी तिथेच राहतं.

तर तुमच्या दाराचं असं करा. आधी तळाची भोकं बघा आणि मोकळी करा, बाकी काही करा न करा. मग फुगा दिसतो त्याच्या चारी बाजूंनी चार बोटं तरी रंग काढा. गंज दिसतो त्यापेक्षा रंगाखाली नेहमी जास्त पसरलेला असतो. ८० नंबरचा सँडपेपर किंवा वायर ब्रश घ्या आणि उजळ पत्रा लागेपर्यंत थांबू नका. बारीक खड्ड्यांत काळे ठिपके राहतात, तेवढ्यापुरतं फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेला गंज निष्क्रिय करणारं द्रावण, चालतं. डब्यावर लिहिलंय तसं धुऊन पूर्ण सुकवा. घासण्याऐवजी कन्व्हर्टर फासायचं, असं मात्र चालणार नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं आणि पत्रा आत गेला, तर तिथे भोक पडलेलंच आहे. वेल्डर गाठा. फायबरची जाळी आणि पुट्टी लावून ते बुजवू नका.

उजळ पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. पुट्टी त्याच्यानंतर. अनेक पेंटर थेट पत्र्यावर पुट्टी ओढतात आणि तेच बरोबर म्हणून भांडतात, पण आपल्या पावसात मला ते मान्य नाही. पोचा शक्यतो आतून दाबून बाहेर काढा, पुट्टी दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. पुट्टी घट्ट करणारा हार्डनर तिच्या वजनाच्या साधारण दोन टक्के. आपल्या उन्हात मिश्रण काही मिनिटांत आवळतं, म्हणून थोडं थोडं कालवा. आणि पुट्टी कोरडीच घासा. पाणी लावून घासायचा पाणी पेपर तिला लावायचाच नाही, तो प्रायमरसाठी. पुट्टीत मुरलेलं पाणी रंगाखाली अडकतं आणि पुन्हा फुग्याच्या रूपाने वर येतं.

सपाटी डोळ्याला कळत नाही. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारा आणि लाकडी ठोकळ्यावर ४०० चा पेपर गुंडाळून घासा. उंच जागेचा काळा लगेच जाईल, खड्ड्यातला तसाच राहील. काळा राहिला तिथे अजून काम आहे. डोळे मिटून तळहात फिरवला तरी कळतं, हाताखाली पातळ सुती फडकं घेतलं तर आणखी चांगलं. इथे लोक कंटाळतात आणि मग रंगाला दोष देतात.

वेळ डिसेंबर ते फेब्रुवारी. सकाळी दंव सुकल्यावर सुरू करा, दुपारी आटपा. दमट हवेत रंग मारला तर वर पांढरट झाक धरते. पावसाळ्यात हे काम काढूच नका, फार तर फुगा घासून प्रायमर मारून ठेवा. जमिनीवर पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडणार नाही, आणि शेजाऱ्यांच्या गाड्या झाका, नाहीतर इमारतीत वेगळीच भांडणं लागतील.

सगळं झाल्यावर दाराच्या आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण, मारा. भोकं बुजणार नाहीत एवढं बघा.

दोन-तीन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हार्डनर मिसळायचे टू-के पीयू (दोन भागांचे पॉलियुरेथेन) रंग आणि क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, यांत आयसोसायनेट असतं. साध्या कापडी किंवा धुळीच्या मास्कने ते अडत नाही, त्याने कायमचा दमा लागू शकतो. इमारतीखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये ते अजिबात मारू नका. गंज दारात आहे तोवर घरचं काम. रनिंग बोर्ड (दाराखालची चौकट), फ्लोअर किंवा सस्पेंशनच्या जोडाजवळ गेला असेल तर हात लावू नका. विम्याचं म्हणाल तर गंज त्यात बसत नाही आणि नुसत्या ओरखड्यासाठी क्लेम घेतलात तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यावर मिळणारी सूट, जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो, तेव्हा आधी हिशोब करा.

आता कॅन. दुकानातला तयार 'सिल्व्हर' उचलू नका. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली रंगाचा कोड असतो. तो तर न्याच, पण पेट्रोलच्या टाकीवरचं बाहेरचं रंगीत झाकणही काढून सोबत न्या, कारण सात वर्षांच्या उन्हात रंग उतरलेला असतो आणि कोडाप्रमाणे केलेला रंग वेगळा दिसतो. रंगाचे दुकानदार तसा मिसळून कॅनमध्ये भरून देतात. चंदेरी मेटॅलिक हा सगळ्यात अवघड, हाताचा वेग बदलला की पट्टे दिसतात. म्हणून रंग दुरुस्त केलेल्या भागापुरता विरळ होत नेऊन थांबवा, क्लिअर मात्र पूर्ण दाराला, मध्येच टेप लावून तोडू नका. पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं.

मेटॅलिकची धास्ती वाटत असेल तर घासणं, प्रायमर आणि पुट्टी स्वतः करा आणि शेवटचा रंग पेंटरकडून मारून घ्या. अगदी सगळंच गॅरेजला द्यायचं ठरलं तर गॅरेजवाल्याला आधीच सांगा की गंज घासून झाल्यावर, पुट्टी भरायच्या आधी, मला पत्रा बघायला बोलवा. तयार झाला नाही तर दुसरं गॅरेज बघा.