वॉल बेस गिटार बनवणारे इयान वॉलर कोण होते, लोक अजून त्यांची आठवण का काढतात?

इयान वॉलर म्हणजे इंग्लंडचे बेस गिटार बनवणारे कारागीर, वॉल हे नाव त्यांच्या आडनावावरूनच आलंय. 1970 च्या दशकात पीट स्टीव्हन्स यांच्यासोबत त्यांनी हाताने बेस बनवायला सुरुवात केली, आणि 1988 मध्ये ते गेले, फार लवकर गेले.

आता लोक का मानतात, तर माझ्या मते खरी गोष्ट आतल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. साध्या बेसचा टोन नॉब काय करतो, तर फक्त वरचा, म्हणजे तीक्ष्ण आवाज कापतो, पण वॉलमध्ये प्रत्येक पिकअपला (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) स्वतःचा फिल्टर दिलाय, तो कुठून कापायचा ते तुम्ही फिरवून ठरवता आणि नॉब वर ओढला की नेमका त्या जागचा आवाज उठून येतो, म्हणजे जवळजवळ सिंथसायझरसारखंच. शिवाय पिकअपमध्ये प्रत्येक तारेला वेगळी कॉइल, म्हणजे वायरची गुंडाळी! एवढी मेहनत त्या काळी कोण घेत होतं सांगा.

मिक कार्नचा फ्रेटलेस, म्हणजे मानेवर पट्ट्या नसलेला बेस ऐका, जपान नावाच्या ब्रिटिश बँडमधला. बेस अक्षरशः गातो, बोलतो. अर्थात हात कार्नचाच, पण त्या हाताला साथ देणारं वाद्य वॉलरचं होतं. पर्सी जोन्स, गेडी ली या बेसवादकांनीही वॉल वाजवलाय.

वॉलर गेल्यावर स्टीव्हन्सनी काम चालू ठेवलं, नंतर पॉल हर्मननी ते हातात घेतलं. वॉल बेस आजही हातानेच बनतात.